फळीची जागा

बारा मुलींनी एकाच वेळी डावा पाय फरशीवरून ओढला आणि त्या आवाजानं मी जागच्या जागी थांबले. शनिवारची दुपार होती. खोलीतला बल्ब गेला म्हणून मी मॉलमध्ये आले होते, बल्बचं खोकं हातात घेऊन तळमजल्यावरून बाहेर पडत होते, रात्री भाताबरोबर काय करायचं एवढाच विचार डोक्यात होता. मधल्या चौकात उत्सवाची तालीम चालली होती. उत्सव जवळ आला की आमच्या झाम्बोआंगा शहरात असं कुठं ना कुठं चालूच असतं, त्यामुळं मी तिकडं मान वळवूनही पाहिलं नव्हतं. पण आवाज कानात गेला. चप्पल सिमेंटवरून घासत न्यावी तसा, लांबलेला आणि शेवटी किंचित उचललेला. वसाहतीतल्या आमच्या घरात आई आत उठली की असा आवाज यायचा. गेले सतरा दिवस तो कुठंच नव्हता. आम्ही तिला होडीतून बेटावर नेलं, वाळूत ठेवलं, तिचा कंगवा आणि आरसा उशाशी ठेवला, आणि परत येताना मला सारखं वाटत होतं की काहीतरी न्यायचं राहिलं. ते काय हे कळत नव्हतं. आता चौकात उभी राहून मी ते ऐकत होते, बारा पट मोठं.

मुली एकोणीस-वीस वर्षांच्या, पिवळ्या टी-शर्टातल्या. हात खांद्याच्या रेषेत, बोटं मागं वळलेली, बोटांवर पुठ्ठ्याची सोनेरी नखं. स्पीकरमधून आईच्या नाचाला वाजवणाऱ्या दांबिला मावशीच्या घंटा वाजत होत्या; मागं एक कोंबडा आरवला तेव्हा माझी खात्रीच पटली. हा माझ्याच फोनवरचा आवाज होता. गेल्या डिसेंबरात मी आईचा इगाल, म्हणजे आमच्यातला नाच, फोनवर घेतला होता, वसाहतीतल्या गल्लीत, घरासमोर. अकरा मिनिटं. मी ग्रंथालयात काम करते. कुठलीही गोष्ट हरवण्याआधी तिला क्रमांक द्यावा ही माझी सवय आहे, आणि आईला सत्तरी उलटली होती. तो तुकडा मी कॉलेजच्या नृत्यपथकाच्या नेनिता मॅमना दिला. त्यांनी मागितला होता, मन लावून मागितला होता. या मुलींत आमच्या दर्यावरच्या समा लोकांतली एकही नव्हती, त्याचं मला वाईट वाटलं नाही. आमच्यातल्या मुली आता फोनवरची गाणी लावून नाचतात. पण हे मला आत्ता लिहिताना सुचतं आहे. तेव्हा मी फक्त पाय पाहत होते. दर चौथ्या फेरीला, घंटा क्षणभर गप्प झाल्या की, बारा निरोगी तरुण पाय एका म्हाताऱ्या बाईच्या दुखऱ्या पायासारखे ओढले जात होते. कठड्याशी उभे असलेले लोक आइस्क्रीम खात होते. एका बाईनं टाळ्या वाजवल्या.

नेनिता मॅमनी मला पाहिलं आणि संगीत थांबवून त्या कठड्याजवळ आल्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "सालबिया मॅम, आईंचं कळलं. यायचं होतं हो मला, पण बेटावर नेलं म्हणाले, मग कुठं यायचं तेच कळेना." मी म्हटलं, असू दे. "बघितलंत ना? मुलींनी जीव ओतलाय. आणि ते डावं पाऊल, त्याला तर तीन आठवडे लागले. इतक्या जणांचे इगाल बघितले मी, पण ते कुणातच नाही. फक्त आईंच्यात."

"ते पाऊल नाहीये," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"तिचा गुडघा दुखायचा. ती लंगडत होती, मॅम. ते नाचातलं नाही."

मी हे अगदी शांतपणे म्हटलं, पुस्तकावर चुकीचा क्रमांक पडला आहे हे एखाद्याला सांगावं तसं. नेनिता मॅमचा चेहरा पडला. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं ऐकलं होतं. "म्हणजे आम्ही तीन आठवडे लंगडतोय होय?" ती शेजारणीला म्हणाली, आणि शेजारीण म्हणाली, "तरी मी म्हणत होते, घरी पण असंच चालायला लागलेय मी. आई म्हणाली, डॉक्टरला दाखवू या." सगळ्या हसल्या. "गप्प बसा गं," मॅम म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आवरेना, मग माझ्याकडे पाहून त्या ओशाळल्या. मीही थोडी हसले. सोमवारी चित्रण होतं. शहराच्या संग्रहासाठी इगाल कायमचा नोंदवून ठेवायचा होता. तबकडीची एक प्रत माझ्याच ग्रंथालयात, माझ्याच कपाटात येणार होती, आणि हा नाच जायतून यांच्या इगालप्रमाणे आहे असं मुलगी म्हणून मी लिहून द्यायचं होतं. "वेळेवर सांगितलंत," मॅम म्हणाल्या. "नाहीतर पुढची शंभर वर्षं पोरी लंगडत राहिल्या असत्या." त्यांनी तिथल्या तिथं ते पाऊल काढलं. त्या जागी अर्धी गिरकी घातली. संगीत पुन्हा लावलं. मुली फिरल्या. नाच एकसारखा, गुळगुळीत झाला. मघाशी एका ठिकाणी अडायचा तो आता अडला नाही. मी मान हलवली, छान म्हटलं, आणि बाहेर पडले.

जीपनीत बसल्यावर हातात बल्बचं खोकं नव्हतं. कठड्यावर राहिलं असणार. परत जावंसं वाटलं नाही. मी बरोबर वागले होते. चूक दिसली आणि मी ती सांगितली. तरीसुद्धा मला वाटलं, मी आत्ता आईला त्या बारा जणींच्या पायांतून काढून टाकलं. तिच्या शरीराचं जगात जे शेवटचं उरलं होतं ते एक दुखणं होतं, आणि ते मी दुरुस्त केलं. मग मी स्वतःला समजावलं की हा भाबडेपणा आहे. आईचा पाय म्हणजे आईचा नाच नव्हे. नाच तिच्या आधीचा आहे, तिच्या आजीच्या आधीचा. तिच्यातून तो चालला होता एवढंच. वाचलेल्या पुस्तकांतून असली वाक्यं माझ्याकडे पुष्कळ साठली आहेत. वेळेला ती उभी राहतात. माणूस जवळ नसलं की वाक्यांची फार सोय होते.

खरं म्हणजे आईचा नाच मी कधी नीट पाहिलाच नव्हता. आमच्यात इगाल कुणी शिकवत नाही. मूल कडेवर असल्यापासून पाहतं आणि एक दिवस आपणच उठून उभं राहतं. त्या दिवशी कुणी काही म्हणत नाही, वाजवणारी फक्त वाजवत राहते, तीच काय ती पावती. मी उठलेच नाही. पाण्यात रोवलेल्या खांबांवर फळ्या टाकलेल्या आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, नवा तांदूळ पितरांना दाखवायचा दिवस असो, बायका नाचायच्या आणि मी त्यांच्याकडे पाठ करून दिव्याशी पुस्तक घेऊन बसायची. शाळेत पोरी नाक धरायच्या. म्हणायच्या, हिच्या दप्तराला सुकटीचा वास येतो. ते खोटं नव्हतं. माझं मीच ठरवून टाकलं होतं की ज्या ज्या गोष्टीला तो वास आहे तिच्याकडे बघायचं नाही. आई एकदा मला न्यायला शाळेच्या फाटकाशी आली होती, केसांना खोबरेल लावून, ठेवणीतला झगा घालून, आणि मी मैत्रिणीला म्हटलं होतं की ही आमच्याकडे मासे देते. आईला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. घरी जाताना ती नेहमीसारखीच बोलत होती, बांगडा माशाच्या किमती, मामाच्या होडीचं शीड. या गोष्टीचा मी पुढं तीस वर्षं विषय काढला नाही, तिनंही काढला नाही, आणि आता तो दोघींपैकी एकीकडेच राहिला आहे.

ज्या सप्टेंबरात शहरात गोळीबार झाला त्या वेळी पाण्यावरची घरं जळाली. तीन दिवस जळत होती. लोकांना खेळाच्या मैदानात ठेवलं, पायऱ्यांच्या खाली, ताडपत्र्या लावून, आणि मग काही महिन्यांचं म्हणता म्हणता तिथं वर्षं गेली. आई दुसऱ्या वर्षी नळाजवळ शेवाळावरून घसरली. मला चार दिवसांनी कळलं, कारण मी तेव्हा कॉलेजजवळ खोली घेऊन राहत होते आणि परीक्षांचे दिवस होते. गेले तेव्हा ती बसलेलीच होती. त्यानंतर मी दर रविवारी जायची, आधी मैदानात, मग सरकारनं बांधून दिलेल्या वसाहतीत, आणि माझ्या आठवणीत ती प्रत्येक रविवारी बसलेलीच आहे. मी औषधाच्या दुकानातून मलमाच्या ट्यूबा न्यायची. "लावून देऊ का?" विचारायची. "राहू दे, दांबिला लावेल," म्हणायची. मी ट्यूब खिडकीत ठेवायची.

दुसऱ्या दिवशी रविवार होता म्हणून मी वसाहतीत गेले. आता तिथं जायचं कारण दांबिला मावशी. ती आईची चुलत बहीण, तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि आई नाचायला लागल्यापासून तिच्यासाठी वाजवणारी तीच. सिमेंटची घरं एका रांगेत, दारांवर आकडे. मागं खारफुटी आहे पण पाणी घरांपर्यंत येत नाही. भरतीला नुसता वास येतो. मावशी दारात बसून केवड्याच्या पातीची चटई विणत होती. तिनं मान वर केली नाही.

"आलीस? चप्पल तिकडं काढ. पुतु आहे झाकलेला, घे. मासा नाही. तो शेजारचा बोन्जाल म्हणाला आणतो, गेलाय सकाळचा. मासा पकडायला गेलाय की माशाला मागणी घालायला, देव जाणे."

मी ताटली घेतली. कसाव्याचा पुतु गार झाला होता, घशाशी अडकत होता. मी तिला मॉलमधलं सांगितलं. सांगताना माझ्या आवाजात थोडी ऐट होती हे मला नंतर कळलं. मावशीला मुली लंगडल्याचं ऐकून हसू येईल असं वाटलं होतं. ती हसली नाही. पात तिच्या बोटांत राहिली.

"काढायला लावलंस?"

"हो."

"कुठलं पाऊल?"

"डावं. ती ओढायची ना, ते."

"आणि ते का म्हणून?"

"मावशी, गुडघ्यामुळं ओढायची ती. ते नाचातलं थोडंच आहे?"

"कुठला गुडघा?"

मी म्हटलं, "डावा."

मावशीनं पात पुन्हा विणायला घेतली. एक आडवी, एक उभी, एक आडवी. तेवढ्या वेळात मला कळलं. कळलं म्हणजे बातमी कळते तसं नव्हे. अंधारात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि तो आदळावा, तसं.

"उजवा," मावशी म्हणाली. "उजवा होता, पोरी. सहा वर्षं रोज संध्याकाळी चोळला मी. खोबरेलात आलं घालून. माझ्या हातांना विचार. वाटीच्या आतल्या बाजूला गाठ होती सुपारीएवढी." मग, आवाज न चढवता, "तू पण दर आठवड्याला यायचीस."

मी ताटली खाली ठेवली. मला आईचा गुडघा डोळ्यांसमोर आणायचा होता. दोन्ही आणता आले आणि दोन्ही सारखेच होते. एकदा जीपनीच्या खिडकीतून मी तिला नळाकडे जाताना पाठमोरी पाहिलं होतं, ती एक पाय ओढत होती. इतकी वर्षं मी तो डावा म्हणून जपला होता. आता त्याकडे पाहिलं तर ते चित्र गल्लीतल्या नाचावरून मी मागाहून बनवलेलं असावं असं वाटायला लागलं. नळ त्या बाजूला नव्हताच. मग मी पाहिलं होतं ते काय होतं? हजार पुस्तकं कुठल्या कपाटात कुठं आहेत हे मला न बघता सांगता येतं.

"मग डावा पाय का ओढायची ती?" मी विचारलं.

मावशी उठली, आत गेली, आणि पोत्यात गुंडाळलेलं कुलिंतांगन फरफटत बाहेर आणलं. सात पितळी घंटा, ओळीनं, लाकडी चौकटीत. एक चिरलेली. आगीतून निघताना आईनं भांडी सोडली आणि या घेतल्या. त्या वेळी मी तिला वेडी म्हटलं होतं. मावशी मांडी घालून बसली आणि वाजवू लागली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुस्तक आणलंयस का? नाही ना? मग ऐक."

मी ऐकलं. तिसरी फेरी, चौथी. चौथ्या फेरीच्या शेवटी तिच्या काठ्या हवेत राहिल्या आणि मग पुन्हा उतरल्या.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"थांबलीस."

"थांबत नाही मी. जागा सोडते. फळीसाठी." तिनं काठीनं जमिनीवर ठोकलं, सिमेंटवर. "नाचणारी तिथं काहीच करत नाही. सगळा भार एका पायावर देते आणि उभी राहते. मग फळी खाली जाते. खाली गेली की खालचं पाणी तिला वर लोटतं. ती वर आली की पुढचं. आमच्या आईच्या वेळी होडीतच नाचायचे, तिथं तर अख्खी होडी जायची. जाणं-येणं फळीचं. बाईनं फक्त वाट बघायची."

"आणि सिमेंटवर?"

"सिमेंट कुठं जातंय?"

ती हे म्हणाली आणि मला एकदम पुस्तकाचं पान आठवलं. दिव्याशी, पाठ करून, मी वाचते आहे आणि पानावरच्या ओळी हळूच खाली जातात, क्षणभर तिथंच राहतात, आणि वर येतात. मला राग यायचा. मी बोट ठेवून ओळ धरून ठेवायची. मी बसले होते तीच फळी आईच्या पायांखालून माझ्यापर्यंत आली होती. पाहिलं नव्हतं मी काही. पण इतकी वर्षं तो नाच माझ्या बैठकीखालून चालला होता.

मावशी सांगत राहिली. मैदानात असताना पहिल्या वर्षी नव्या तांदळाचा विधी केला. भात एका तगारीत, पितरांची चटई ताडपत्रीवर. आई नाचायला उभी राहिली. जागा आली, तिनं भार दिला, आणि उभी राहिली. खाली काही गेलं नाही. ती तशीच उभी, खांबासारखी. घंटा पुढं निघून गेल्या. मग ती येऊन बसली आणि म्हणाली, तिथं काही नाही गं. पुढं तीन-साडेतीन वर्षं नाचली नाही. लोकांनी म्हटलं, जायतूनचा गुडघा गेला. तिनंही म्हणू दिलं. "मग इथं आल्यावर एक दिवस मला म्हणाली, वाजव. मी वाजवलं. जागा आली आणि हिनं डावा पाय ओढला. मी काठ्या खाली ठेवल्या. म्हटलं, हे काय नवीन काढलंस? आपल्या आज्यांनी असलं कधी केलं नाही. तर म्हणते कशी, आज्यांना सिमेंट कुठं होतं? पाय ओढून बघ, म्हणाली. अंगाला वाटतं, खालचं काहीतरी सरकलं."

"आणि सगळा भार उजव्यावर?"

"उजव्यावरच. नाही तर डावा कसा ओढणार? दुसऱ्या बाजूनं जमेना तिला, करून बघितलं. डाव्यावर भार दिला की उजवा ओढायचा, तर ते लंगडणंच दिसतं म्हणाली, नाच दिसत नाही." मावशीनं काठ्या पोत्यात घातल्या. "नाचली की दोन दिवस अंथरुणातनं उठायची नाही. तू डिसेंबरात आलीस फोन घेऊन तेव्हा तर चार दिवस. तुला सांगू नको म्हणाली."

"का?"

"म्हणाली, ट्यूब घेऊन येईल."

ती हसली, आणि मग हसता हसता तिचं तोंड वेगळंच झालं आणि तिनं ते झग्याच्या बाहीनं पुसलं. मी तिच्या शेजारी बसले. तिनं सरकून जागा केली नाही, मीही मागितली नाही. बोन्जाल दोन बोटांएवढे मासे घेऊन आला तेव्हा आम्ही तशाच बसलेल्या होतो. "एवढेच?" मावशी त्याला म्हणाली. "यांची आई रडत असेल की रे घरी."

निघण्याआधी मी उंबऱ्यात बसून फोनवरचं मूळ चित्रण पाहिलं. नेनिता मॅमना दिलं होतं ते कापलेलं होतं. नाच संपतो तिथं मी ते संपवलं होतं. मुळात पुढं आणखी नऊ सेकंद आहेत. ती मी घेतल्यापासून कधी पाहिली नव्हती, त्यात नाच नाही म्हणून. आई हात खाली करते. श्वास घेते. मग कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे चालत येते, पाच पावलं, आणि पाचही पावलांना उजवा पाय मागं राहतो. डावा अगदी चांगला आहे. जवळ येऊन ती विचारते, "झालं का गं तुझं?" आणि चित्र बंद होतं. माझं उत्तर त्यात नाही.

मी ते सात-आठ वेळा पाहिलं. परतताना जीपनीत मला एकच गोष्ट दिसत होती. सत्तरीची बाई, दुखऱ्या पायावर सगळं वजन घेऊन, जी फळी जगात नाही तिच्यासाठी जागा करते आहे. तिनं ते कुणाला समजावलं नाही. मी समोर उभी होते, फोनच्या मागं, आणि मला त्यात लंगडी म्हातारी दिसली. मला ती प्रिय होती, म्हणूनच तर मी चित्रण केलं. प्रेमात इतकं आंधळेपण मावतं हे कुठं वाचलं असतं तर मी पानाचा कोपरा दुमडला असता.

सोमवारी चित्रण कॉलेजच्या सभागृहात होतं. मुलींचे खरे पोशाख आले होते, पिवळे, लांब बाह्यांचे. दोन कॅमेरे. मी नेनिता मॅमना बाजूला घेतलं आणि म्हटलं, ते पाऊल परत घालायला हवं.

"मॅम, परवा तुम्हीच म्हणालात."

"मी चुकले."

"लंगडणं आहे म्हणालात."

"नाही. तिचा दुसरा पाय दुखत होता." हे वाक्य उच्चारणं मला अवघड गेलं, पण उच्चारलं. मग मी त्यांना फळीचं सांगितलं, जमेल तसं. त्या चांगल्या बाई आहेत, सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "पण मग तर ते आणखीच नको ना? राग मानू नका. हे आईंनी घातलंय. चार-पाच वर्षांपूर्वी. आपल्याला मूळ ठेवायचंय, जुनं. मी कागदावर तसं लिहिलंय. उद्या कुणी म्हणालं, हे तुमच्या नाचात कधीपासून, तर काय सांगू?"

"मूळ फळीवर होतं, मॅम. फळ्या जळल्या."

"ते खरं."

"तुम्ही गिरकी घातलीत. ती कधीपासून आहे?"

मॅमनी कपाळावरचा घाम टिपला आणि म्हणाल्या, "मुलींना तुम्हीच सांगा. माझं आता ऐकणार नाहीत त्या. आधी ओढा म्हटलं, मग फिरा म्हटलं."

मी मुलींसमोर उभी राहिले. परवाची ती पहिल्या रांगेतली शेजारणीला म्हणाली, "चला, परत लंगडा." मी म्हटलं, लंगडायचं नाही. पाय ओढला जातो, पण ओढायचा नाही. त्यांना काही कळलं नाही, ते बरोबरच होतं. "दाखवा ना मॅम," तिनं म्हटलं. मी सांगणार होते की मला येत नाही. हे वाक्य मी आयुष्यभर इतक्यांदा म्हटलं आहे की ते तोंडात तयारच असतं. पण मॅमनी संगीत लावलं होतं, आणि स्पीकरमधून मावशी वाजवू लागली होती. मी चपला काढल्या. फरशी गार होती. हात मी उचलले नाहीत, ते मला खरंच येत नाहीत; नुसते पाय त्यांच्याबरोबर हलवले, लहान लहान, शाळेच्या रांगेत पुढं सरकावं तसे. एक फेरी, दोन. कोंबडा आरवला. चौथ्या फेरीच्या शेवटी मी उजव्या पायावर सगळा भार दिला, गुडघा थोडा वाकवला, आणि डावा आपोआप मागं राहिला.

घंटा थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. मी हलले नाही.

"मॅम, किती वेळ थांबायचं?" कुणीतरी विचारलं.

"अजून नाही," मी म्हटलं.

मांडीत कळ यायला लागली. माझा गुडघा धडधाकट आहे तरी आली. समोरच्या मुलीनं माझ्याकडे पाहून भार उजव्यावर घेतला, मग तिच्या शेजारणीनं, मग मागच्यांनी, पायांचा आवाज एकीकडून दुसरीकडे गेला आणि बंद झाला. संगीत पुढं निघून गेलं होतं; मावशी दुसऱ्याच फेरीत होती. कॅमेरावाल्यानं मान वर काढून विचारलं, "हे चालू ठेवू, का बंद करू?" नेनिता मॅमनी माझ्याकडे पाहिलं.

"चालू ठेवा," मी म्हटलं.

आम्ही तेरा जणी उभ्या राहिलो.